पाच मायक्रॉनची सुई

संपादकांनी पुण्यातल्या एका वंध्यत्व उपचार केंद्रावर लिहायला सांगितलं, तेव्हा इतिहासापासून सुरुवात करावी लागणार हे उघड होतं. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशीच दुर्गा जन्मली. त्यांच्यावर मात्र कुणी विश्वास ठेवला नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा आली. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद तपासले आणि भारतातल्या पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचा आहे, असं जाहीरपणे सांगितलं. विज्ञानात असा मनाचा मोठेपणा विरळाच.

पण मी अडकले ते केंद्राच्या प्रयोगशाळेत, एका एम्ब्रिऑलॉजिस्ट बाईंच्या शेजारी. आत मंद उजेड, अत्तर लावून यायला मनाई, कारण हवेतली रसायनं गर्भाला बाधतात. डिशवरचं नाव त्या मोठ्याने वाचतात, सहकारी फाइलशी ताडून पाहते, मगच काम सुरू होतं.

सूक्ष्मदर्शकाखाली डावीकडची काचनळी स्त्रीबीजाला हलकेच ओढून धरते. उजवीकडे सुई, आतून जेमतेम पाच मायक्रॉन रुंद. बाई एक शुक्राणू निवडतात, त्याची शेपटी सुईने दाबून त्याला थांबवतात आणि शेपटीकडून आत ओढतात. बीजातली गुणसूत्रांची मांडणी दुखावू नये म्हणून ते आधी नीट फिरवून घेतात. सुई टेकली की पडदा आत दबत जातो, पण लगेच फाटत नाही. कधी बीजातला द्रव किंचित सुईत खेचून घ्यावा लागतो. पडदा नेमका कधी फाटला, हे त्यांना त्या द्रवाच्या हालचालीवरून कळतं. शुक्राणू आत सोडून सुई बाहेर येते, तोवर मी श्वास रोखला होता.

हेच इक्सी. १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या जियानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणा प्रसिद्ध केल्या. ज्यांच्या वीर्यात शुक्राणू अगदी थोडे किंवा मंद असतात, अशा पुरुषांना त्यामुळे बाप होता आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बीजात दोन केंद्रकं दिसली, तर फलन झालं. पाचव्या दिवसापर्यंत टिकलेला गर्भ गर्भाशयात सोडतात, उरलेले उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात.

मला अस्वस्थ करतं ते यापलीकडचं. दोष पुरुषाच्या शुक्राणूत असला, तरी दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं घेते बाई. सोनोग्राफीच्या फेऱ्या तिच्या, बेशुद्ध करून बीजं काढतात तीही तिचीच. अंडाशय प्रमाणाबाहेर फुगला तर पोटात पाणी साचतं, रुग्णालयात भरती व्हावं लागतं. नवऱ्याची वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त, तरी कितीतरी घरांत सुनेच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालल्यावर ती होते. तोवर सुनेचं वय वाढतं, आणि बीजाचं वय या सुईला मागे नेता येत नाही. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजाने यश येण्याची शक्यता फार घसरते. खर्च बहुतेकदा खिशातून, कर्ज काढूनही. गर्भ सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी रक्ततपासणी होते. ती नकारात्मक आली आणि गोठवलेला गर्भ शिल्लक नसला, तर पुन्हा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू.