करारावर सही नसलेली मुले

लिसा चोलोडेन्को यांच्या ‘द किड्स आर ऑल राइट’ (२०१०) या अमेरिकन चित्रपटातील संसार निक व ज्यूल्स या दोन स्त्रियांचा आहे. एकाच अपरिचित दात्याच्या वीर्यापासून दोघींनी एकेक अपत्य जन्मास घातले. मोबदला चुकता झाला. अर्थशास्त्राच्या भाषेत सौदा पुरा झाला. परंतु त्या करारावर मुलांची सही कोठे होती? धाकट्या लेझरच्या हट्टामुळे १८ वर्षांची जोनी दात्याला, पॉलला, शोधून काढते. पॉल मनमिळाऊ, मुले त्याच्याकडे ओढली जातात, आणि हे स्वाभाविकच होय. मात्र जागरणे, आजारपणे दोघी मातांनी काढलेली. त्याला मिळते ते आयते घर, आणि ज्यूल्सशी संबंध जोडून तो तेही मोडावयास निघतो. अखेर निक त्याला दारातूनच परतविते. जोनीला कॉलेजात पोचवून परतताना लेझर दोघींना सांगतो, वेगळ्या होऊ नका.