हौदातला उंदीर आणि मनातला नकाशा

मेंदूशास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये उंदरांसाठी एक गोल हौद वापरला. पाणी दुधाने गढूळ केलेलं, आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली लपलेला चौथरा. धडधाकट उंदीर थोड्याच फेऱ्यांत खोलीतल्या खुणांवरून सरळ चौथऱ्यापर्यंत पोहत जायला शिकतो. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा झालेला उंदीर मात्र भरकटत राहतो, हे १९८२ मध्ये दिसलं. चौथरा पाण्यावर दिसू लागला, की तोच उंदीर नीट पोहोचतो! डोळे शाबूत, पायही शाबूत. गेला तो मनातला नकाशा.

मला याहून मोलाचा वाटतो तो १९९० चा प्रयोग. हिप्पोकॅम्पसला जोडणारे तंतू तुटलेले उंदीर दरवेळी एकाच जागेवरून सोडले, तेव्हा वाट शिकले. सुरुवातीची जागा बदलताच गोंधळले.

माणसांच्या अल्झायमर आजारातही हिप्पोकॅम्पस लवकर पोखरला जातो. सुरतच्या लिंबायत-उधना भागात खानदेशातून येऊन आयुष्य काढलेले एखादे आजोबा रोजच्या वाटेने बिनचूक देवळात जात असतील, आणि रस्ता खोदल्याने वळसा पडला की चुकत असतील. तो वेंधळेपणा समजून त्यांच्यावर रागावू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर नव्या वाटेवर त्यांच्या सोबत कुणीतरी चाला.