कुरकुरीत कांद्याचं रसायन, आणि एक विसरलेलं नाव

लातूरच्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे, की सुपरमार्केटच्या स्वतःच्या छापाचा तळलेल्या कांद्याचा डबा उघडून पंधरवडा झाला तरी आतला कांदा कुरकुरीत राहतो. आपण घरी बिर्याणीसाठी तळलेला कांदा मात्र भात दमाला लागेपर्यंत लोळागोळा होतो. त्यात काही केमिकल घालतात का?

कुरकुरीतपणासाठी तशी गरजच नसते. अशा बहुतेक डब्यांवर चारच घटक लिहिलेले असतात: कांदा, पामतेल, गव्हाचं पीठ आणि मीठ. सगळी करामत पाण्याची आहे. पाणी किती काढलं आणि ते परत येऊ नये म्हणून काय केलं, एवढ्यातच उत्तर आहे.

आपल्या भागाला तळलेला कांदा नवा नाही. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर दोन्ही हैदराबाद संस्थानात होते. बिर्याणीच्या थरांत, दालच्यावर आणि रमजानमध्ये हलीमवर पडणारा तांबूस कांदा तेव्हापासून इथल्या अनेक घरांत आणि हॉटेलांत आहे. नांदेडच्या देगलूर नाक्याकडे संध्याकाळी गेलात तर त्याचा वास आधी भेटतो. आता नवीन इतकंच, की तो डब्यात मिळू लागलाय आणि बिर्याणी सोडून कोशिंबिरीवर, सुशीलावर, पिठल्यावर, साध्या वरणभातावर भुरभुरला जाऊ लागलाय. मला ही सवय आवडते. चिमूटभर तळलेल्या कांद्यानं रोजचं ताट बदलतं, आणि ते का बदलतं यामागचं विज्ञान फार देखणं आहे.

थोडा हिशेब करू. आपल्या लाल कांद्यात साधारण ८८ टक्के पाणी असतं. म्हणजे सोललेल्या एक किलो कांद्यात कोरडा ऐवज फक्त १२० ग्रॅम. तळून काढलेल्या कांद्यात ५ टक्के पाणी आणि ४० टक्के तेल धरलं, तर किलोभर कांद्याचे उरतात सुमारे २२० ग्रॅम, आणि त्यातलेही जवळजवळ ९० ग्रॅम तेलच. बाकी सगळं पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. तेवढ्या पाण्याची वाफ करायला जवळपास २००० किलोज्यूल उष्णता लागते. बिर्याणीचा कांदा तळताना हात का भरून येतो, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

कढईत कांदा टाकला की बुडबुड्यांचा कल्लोळ उठतो. ती कांद्यातून बाहेर पडणारी वाफ. तिचा जोर असतो तोवर तेलाला आत फारसा शिरकाव मिळत नाही. तेल जास्त शोषलं जातं ते कांदा बाहेर काढल्यावर. आतली वाफ थंड होऊन आटते, आतला दाब उतरतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल छिद्रांतून आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात कांदा कढईवर गरम असतानाच नीट झटकायला हवा. थंड झाल्यावर कागदावर दाबून टिपणं म्हणजे बराचसा उशीर झालेला असतो.

आता मुद्द्याचं. कुरकुरीत पदार्थ पदार्थविज्ञानाच्या भाषेत काच असतो. चिक्कीचा पाक आठवा. गूळ उकळत जातो, पाणी उडत जातं, आणि एका टप्प्यावर पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कट्कन मोडतो. त्याआधी तोच थेंब ओढला की तार येते. रेणू तेच, पाणी कमी झालं म्हणून ते जागच्या जागी अडकून पडले. त्यांचे स्फटिक झालेले नसतात, पण त्यांना हलायलाही वाव नसतो. हीच काच. आणि हीच चिक्की श्रावणात बशीत उघडी ठेवली की हवेतलं पाणी पिते, रेणूंना पुन्हा वाव मिळतो, ती चिकट होते. पाकाची तपासणी करणाऱ्या आपल्या आज्यांना हे सगळं हाताला ठाऊक होतं. अन्नाच्या शास्त्रात ही कल्पना रुजवली ती १९८० च्या दशकात हॅरी लेव्हाइन आणि लुईस स्लेड या अमेरिकी जोडीनं. प्लॅस्टिकच्या अभ्यासातली तत्त्वं त्यांनी बिस्किटांना आणि पावाला लावली.

तळलेल्या कांद्याचंही असंच. पण कांद्याची एक अडचण आहे, त्याच्या साखरा. प्रत्येक साखरेची काच ठरावीक तापमानाच्या वर ढिली पडते. अगदी कोरड्या साध्या साखरेसाठी ते तापमान ६० अंशांच्या पुढे आहे, ग्लुकोजसाठी सुमारे ३० आणि फ्रुक्टोजसाठी जेमतेम ५ अंश. कांद्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर. म्हणजे नांदेडच्या ४२ अंशांच्या दुपारी नुसत्या कांद्याची काच टिकणं मुळातच कठीण, आणि पावसाळी हवेतलं थोडं पाणी मिळालं की संपलंच. कारखानदार पीठ घालतात ते यासाठी. कोरड्या पिठातल्या स्टार्चची काच शंभर अंशांच्याही वर टिकते. पिठाचा पातळ थर कांद्याला ताठ ठेवतो. आमच्या भगिनींनी कांद्यावर चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरून तळून पाहावं आणि पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं. कोमट भरला तर त्याचीच वाफ त्याला मऊ करेल.

कुरकुरीतपणा आपण बराचसा कानानं खातो, हेही इथेच सांगायला हवं. ऑक्सफर्डमध्ये झांपिनी आणि स्पेन्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बटाट्याच्या चिप्स खाणाऱ्यांना त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातला बारीक, चढा भाग वाढवला की त्याच चिप्स लोकांना जास्त ताज्या वाटल्या.

आता रंग आणि वास. कांदा कितीतरी वेळ पांढराच राहतो आणि मग डोळ्यांदेखत एकदम रंग धरतो, हा अनुभव प्रत्येक घरी आहे. कांद्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभराच्या आसपास अडकून राहतं. पाणी संपत आलं की ते भराभर चढतं, आणि साखरा व अमिनो आम्लं यांच्यात मेयार अभिक्रिया जोरात सुरू होते. लुई कामी मेयार हे फ्रेंच वैद्यक-रसायनज्ञ. १९१२ मध्ये त्यांनी साखर आणि अमिनो आम्ल एकत्र तापवून तपकिरी रंग येतो असं दाखवलं. त्यांना शोधायचं होतं प्रथिनं कशी जुळतात ते. स्वयंपाक त्यांच्या मनातही नव्हता. आज पाव, कॉफी, भाकरीचा पापुद्रा, तळलेला कांदा, कशाचाही रंग निघाला की मेयार यांचं नाव निघतं.

मला मात्र इथे दुसऱ्या एका माणसाचं नाव घ्यायचं आहे: जॉन एडवर्ड हॉज. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म. कॅन्सस विद्यापीठातून पदवी, मग कृष्णवर्णीयांसाठीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राचं अध्यापन. तो वर्णभेदाचा काळ होता. १९४१ मध्ये ते इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत रुजू झाले. ही प्रयोगशाळा म्हणजे एक नवलच. पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनवायचं तंत्र त्याच वर्षी तिथे आकाराला येऊ लागलं होतं. युद्धामुळे सुकवलेल्या अन्नालाही महत्त्व आलं होतं, आणि अंड्याची पूड, दुधाची पूड, सुकवलेल्या भाज्या साठवणीत तपकिरी पडतात, त्यांची चव बिघडते, हा प्रश्न सगळीकडे होता.

हॉज यांनी १९५३ मध्ये एक लेख लिहिला. त्याचा विषयच सुकवलेल्या अन्नाचं तपकिरी पडणं हा. मेयार यांनी 'असं घडतं' एवढं दाखवलं होतं. ते पायरी पायरीनं कसं घडतं हे हॉज यांनी मांडलं. साखर आणि अमिनो आम्ल आधी जोडले जातात, जोड अंतर्गत फिरून स्थिर होतो, मग आम्लता आणि उष्णतेप्रमाणे तो वेगवेगळ्या वाटांनी तुटतो, त्यातून वासाचे छोटे रेणू निघतात आणि शेवटी तपकिरी रंगाचे मोठे रेणू जमतात. मेयार यांच्या लेखानंतर चार दशकं विखुरलेली निरीक्षणं त्यांनी एका आराखड्यात बसवली. सत्तर वर्षं झाली, तो आराखडा अन्नरसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत अजून छापला जातो, हजारो शोधनिबंध त्याचा आधार घेतात. हॉज १९८० मध्ये त्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, १९९६ मध्ये वारले. अभिक्रियेला त्यांचं नाव नाही. ज्यानं पहिल्यांदा पाहिलं त्याचं नाव लागावं हे ठीक, पण ज्यानं समजावून सांगितलं त्याचं नाव रसायनशास्त्र शिकलेल्या माणसालाही ठाऊक नसावं, हे मला फार लागतं. 'मेयार-हॉज अभिक्रिया' म्हणायला कुणाची हरकत असू नये.

हॉज यांच्या आराखड्याचा कांदा तळताना थेट उपयोग होतो. साखळी सुरू झाली की ती कढईबाहेरही काही वेळ चालू राहते, कारण कांदा अजून तापलेलाच असतो. त्यामुळे हवा त्या रंगाच्या एक छटा आधी कांदा काढावा आणि लगेच परातीत पसरावा. काळपट कांदा कडू लागतो, शिवाय त्यात अ‍ॅक्रिलामाइड हा नकोसा पदार्थ वाढतो. स्वीडनमध्ये १९९७ साली हॅलंडसॉस बोगद्याच्या कामात हेच अ‍ॅक्रिलामाइड असलेलं रसायन गळलं, गाई आजारी पडल्या, मासे मेले. कामगारांची रक्ततपासणी झाली तेव्हा त्या रसायनाशी संबंध न आलेल्या माणसांच्या रक्तातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा सापडल्या. त्याचा माग काढत संशोधक २००२ मध्ये तळलेल्या आणि भाजलेल्या अन्नापाशी पोहोचले.

आणि गंधक. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारं गंधकाचं संयुग तयार करणारं विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये वेगळं ओळखलं. तळताना हीच गंधकाची संयुगं साखरांच्या रसायनात मिसळतात, म्हणून तळलेल्या कांद्याला मांसाच्या रश्श्यासारखा भरदार वास असतो. शाकाहारी पिठल्यावर तो पडला की पिठलं एकदम भारी का लागतं, त्याचं कारण हे.

डबा घेताना छापाचं नाव न बघता घटकांची यादी बघा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. कांदा पहिला असेल तर स्वस्त दुकानी छापही उत्तम. 'कोलेस्टेरॉलमुक्त' या शब्दावर जाऊ नका. वनस्पती तेलात ते जवळजवळ नसतंच. पामतेलातली निम्मी चरबी मात्र संपृक्त असते. पोह्याच्या चमच्यापेक्षा थोडा मोठा, साधारण सात ग्रॅम कांदा घेतला तर पोटात तीन ग्रॅम तेल जातं. तेवढं चालेल. वाटीभर नको.

कोशिंबिरीत तो कधीच कालवू नये. मीठ काकडी-टोमॅटोतलं पाणी बाहेर काढतं, दही तर पाणीच. दोन-चार मिनिटांत काच विरघळते. कोशिंबीर ताटात वाढल्यावर, पहिल्या घासाच्या आधी वरून घालावा. धपाट्यावर, ज्वारीच्या भाकरीवरच्या ठेच्यावर तो जास्त टिकतो, कारण तिथे मोकळं पाणी कमी. सुशीला मात्र ओलसर आणि गरम, वाफेनं कांदा लगेच मऊ पडतो. तिथे शेंगदाण्यांबरोबर अगदी शेवटी.

घरी करायचा असेल तर मराठवाड्याच्या उन्हाळ्याइतकं दुसरं सोयीचं साधन नाही. काळ्या तिखटासाठी कांदा चिरून उन्हात वाळवण्याची आणि मग तळून कुटण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहेच. तीच वरच्या कांद्यासाठी वापरा. तळणात तेल साधारणपणे निघून गेलेल्या पाण्याची जागा घेतं, त्यामुळे कांद्यातलं पाणी आधीच कमी केलं तर तेलही कमी बसतं; बटाट्याच्या चिप्सवर हे तपासून झालं आहे. शिवाय वाफ करण्याचा तो गॅस ऊन वाचवतं. कांदा एकसारखा पातळ चिरावा, मलमलीखाली एक-दोन दिवस वाळवावा, वाकेल पण मोडणार नाही इतपत. पाणी कमी असल्यानं कढईत बुडबुडे थोडे दिसतील आणि रंग फार लवकर येईल, तेव्हा आच मंद ठेवावी आणि घाणा लहान घ्यावा.