तपकिरी बदकांची ओळख

हिवाळ्यात नांदूर मधमेश्वर किंवा उजनीच्या पाण्यावर उतरलेल्या बदकांत नर लगेच ओळखू येतात. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्ले मात्र सगळी तपकिरी, ठिपकेदार. म्हणून अनेक नोंदींत त्यांच्यापुढे नुसते ‘बदक’ एवढेच लिहिले जाते. हे टाळता येते, कारण अंडी उबवताना मादीला लपवणारा तो तपकिरी रंग अनेक जातींत सारखाच असतो, पण चोच आणि पंख जातीजातीत वेगळे असतात. शॉव्हलरची फावड्यासारखी रुंद चोच पाणी गाळून बारीक जीव टिपते. गडवालच्या मादीची चोच कडेने नारिंगी असते आणि पंखावर पांढरा चौकोन असतो. पिनटेलची चोच राखाडी, मान लांब, चेहरा साधा. गार्गनीच्या चेहऱ्यावर गडद पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका. टीलचा चेहरा त्या मानाने सपाट, शेपटीच्या बाजूला फिकट रेघ.

पोहणाऱ्या बदकाचा पंख दिसतोच कुठे, हा आक्षेप रास्त आहे. गडवालच्या पिल्लांत तर तो पांढरा चौकोन अगदी लहान असू शकतो. तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये. चोच, डोक्याची ठेवण आणि आकार एकत्र पाहावेत, पंख फडफडण्याची वाट पाहावी. प्रजननानंतर काही काळ नरही मादीसारखे दिसतात, पण पंखावरची नराची नक्षी बहुतेक टिकून राहते. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत जाणार असाल, तर आधी चोच पाहा आणि खात्री नसेल तेव्हा जात लिहू नका.