गाळ आणि शाप

आजचा शब्द लॅटिन आहे, 'मालेदिकेरे'. माले म्हणजे वाईट, दिकेरे म्हणजे बोलणं. रोमन लोकांत अर्थ तेवढाच, एखाद्याला वाईटसाईट बोलणं. पुढे बायबलच्या लॅटिन भाषांतरात तोच शब्द शाप देण्यासाठी आला आणि जड झाला. पोर्तुगीज भाषेतला शाप, 'मालदिसांव', त्यातूनच निघाला.

आपल्याकडे वाट उलटी. दोडामार्गात काय किंवा हद्दीपलीकडे गोव्यात काय, शिवीला 'गाळ' म्हणतात. आणि हाच शब्द 'गद्धेगाळ' या दगडांच्या नावात बसलाय! वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव आणि बाई. दान दिलेली जमीन कुणी बळकावली तर त्याच्या आईला गाढव लागो, असा तो शाप. म्हणजे तेव्हाची गाळ ही कायद्याची धमकी होती, आता नुसती तोंडची शिवी.

एक गोष्ट मात्र खटकते. जमीन खाणार मुलगा, भोगणार आई. आजही भांडण पेटलं की पहिली गाळ तिच्याच नावाने जाते ना?

मुंबईत परळला शिलाहार राजा अपरादित्याचा 1187 सालचा लेख सापडला. दानाचा मजकूर संस्कृतात, शाप तेवढा मराठीत. तो सगळ्यांना कळायला हवा होता.