कंपोस्ट वावरात टाकण्याआधी तपासायचं काय?

‘खतच तर आहे, टाका वावरात!’ शहरातल्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टबद्दल आपल्याकडे असं सहज म्हटलं जातं. पण अचलपूरच्या एखाद्या संत्र्याच्या बागेत ते टाकायचं असेल, तर संशोधक म्हणून पहिला प्रश्न असा हवा: त्यात आहे काय, आणि किती?

आधी नमुना. ढिगातून वरचं मूठभर कंपोस्ट उचललं तर आकडा त्या मुठीचाच येतो. वरून, मधून, तळातून अशा दहा-बारा ठिकाणचं घ्या, एकत्र मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. साधारण अर्धा किलो उरेपर्यंत हेच पुन्हा करा. जस्त मोजायचं असेल तर गॅल्व्हनाइज्ड बादली वापरू नका. बादलीचंच जस्त नमुन्यात येतं.

आता चाचणी. खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टसाठी मर्यादा दिल्या आहेत. त्यातल्या काही अशा: सामू 6.5 ते 7.5, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 पेक्षा कमी, विद्युत वाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत, कॅडमियम किलोला 5 मिलिग्रॅम आणि शिसं 100 मिलिग्रॅमपर्यंत.

यातला प्रत्येक आकडा वेगळं काही सांगतो. कर्ब-नत्र गुणोत्तर फार जास्त असेल, तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र वापरतात आणि पीक पिवळं पडतं. विद्युत वाहकता म्हणजे क्षारांचा अंदाज. संत्र्याला क्षार फारसे सोसत नाहीत. शिवाय अमरावती, अकोला, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे आधीच क्षार असलेल्या जमिनीत आणखी भर पडते. म्हणून एकच कंपोस्ट एका वावरात चालेल, दुसऱ्यात नाही. कंपोस्टसोबत त्या जमिनीची आणि पाण्याचीही तपासणी करायची ती यासाठी.

जड धातूंचा हिशेब थोडा निराळा आहे, कारण ते कुजत नाहीत. समजा, कंपोस्टमध्ये कॅडमियम अगदी मर्यादेवर, म्हणजे 5 मिलिग्रॅम आहे. हेक्टरी 5 टन टाकलं. त्यात 20 टक्के ओल असेल तर कोरडं वजन 4 टन. (धातूंचे आकडे कोरड्या वजनावर मोजतात, हे विसरलात की सगळा हिशेब चुकतो.) म्हणजे हेक्टरी 20 ग्रॅम कॅडमियम. वरच्या 15 सेंटिमीटर मातीचं वजन ढोबळमानाने 20 लाख किलो धरलं, तर किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची वाढ होते. एका वर्षाला नगण्यच. पण दरवर्षी टाकत राहिलात, तर वीस वर्षांत 0.2 मिलिग्रॅम साठतं. आपली काळी जमीन अल्कधर्मी असल्याने कॅडमियम बरंचसं धरून ठेवते, त्यामुळे पिकात जाणारा वाटा एकूण आकड्यावरून कळत नाही. तो पीक तपासूनच कळतो.

प्रस्ताव लिहिताना म्हणून ‘कंपोस्टचा परिणाम अभ्यासणे’ एवढंच लिहून थांबू नका. कोणतं कंपोस्ट, किती नमुने, ओल किती, हेक्टरी मात्रा किती, किती वर्षं आणि कोणत्या जमिनीत, हे सगळं लिहा. कचरा ऋतूप्रमाणे बदलतो, तेव्हा उन्हाळ्यातल्या एका अहवालावर पावसाळ्यातला ढीग पास करू नका. शेतकरी तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून वावरात गाडी रिकामी करणार आहे. एकदा मातीत मिसळलेलं कॅडमियम त्याला परत वेचून काढता येत नाही.