आधी खोली, मग माइक

पुण्याजवळच्या भूगावातल्या फ्लॅटमध्ये गाणं रेकॉर्ड करायचं, तर खरी अडचण असते पौड रस्त्यावरच्या गाड्यांची आणि उघड्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची. कंडेन्सर माइक गळ्यातले बारकावे सुंदर टिपतो, पण खोलीचं घुमणंही तितकंच टिपतो. शिवाय संगणकाशी जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला लावायचा तर त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. अशा जागी डायनॅमिक माइक तोंडाजवळ घेऊन गाणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट प्रतिध्वनी शोषून घेतात. बाहेरचे हॉर्न मात्र थांबवत नाहीत. सॉफ्टवेअर? ऑडॅसिटी मोफत आहे. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सर्वांत मोठा सूरही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. वरच्या सुरात आवाज फाटला, की तो नंतर पूर्ण सांधता येत नाही. पण माइकच्याही आधी, पहिला खर्च जाड पडद्यांवर करा.